आत्याबाईंच्या धुराचं वजन

२ मार्च, रविवार

आणि वर दादा म्हणतो, भावना पाठवू नकोस, पैसे पाठव. फोन मी केला होता, म्हणून हे वाक्य त्याने सावकाश, दोनदा म्हटलं.

भांडण जुनंच. अण्णांची स्कूटर. इंजिन बसलंय, सहा महिने जिन्याखाली उभी आहे. दादाचं म्हणणं, भंगारात देऊ, जिन्याखाली जागा होईल. माझं म्हणणं, जिने आपल्या चौघांना एका वेळी वाहिलं तिला म्हातारपणी घराबाहेर काढणार? उद्या अण्णांनाही काढशील! हे मी फारच जोरदार बोललो. पलीकडे एकदम शांत. मला वाटलं, रडतोय. जांभई देत होता.

शेवटी ठरलं. मी दुरुस्तीचे अर्धे पैसे पाठवायचे. नाही पाठवले तर एक तारखेला भंगारवाला. दादा म्हणाला, राजे, तुमचं अर्धं म्हणजे किती ते मला चांगलं ठाऊक आहे.

माझ्या उजव्या मनगटावर त्या स्कूटरच्या सायलेन्सरचा डाग आहे. सहा वर्षांचा होतो. नाण्याएवढा, एका बाजूने चपटा. लोक पैसे देऊन गोंदवून घेतात, माझं फुकटात झालं.

निश्चय : स्कूटर वाचवणे. पहाटे पाचला उठणे. चहात एकच चमचा साखर.

३ मार्च, सोमवार

उठलो सात वीसला. कारण मिस्त्री. आम्ही दोघं गॅरेजच्या माळ्यावर झोपतो, टायर ठेवतात तिथेच. मिस्त्री घोरतात ते थंड इंजिन सुरू होताना व्हावं तसं. तीनदा धडधड, मग बंद, मग ऐकणारा वाट बघत राहतो. यात माझा दोष नाही.

पण आजचा दिवस मोठा! नीट लिहितो.

मालकांच्या नऊ जुन्या गाड्या आहेत. त्यातली सगळ्यात तरुण ती अण्णांच्या वयाची. मी त्या पुसतो, हवा भरतो, बॅटऱ्या चार्ज करतो. हुद्दा क्लीनर. घरी सांगताना 'व्हिंटेज डिपार्टमेंट'. सगळ्यात मोठी ती आत्याबाई. आठ सिलिंडर, नाक वर, मागचा घेर असा की गेटचे दोन्ही खांब श्वास रोखतात, आणि मनात असेल तरच जागची हलणार. नाव मिस्त्रींनी ठेवलं. त्यांची एक खरी आत्या अशीच होती म्हणे.

मालकांनी मीटिंग घेतली. मी, मिस्त्री आणि अकाउंटच्या बाई. तीस तारखेला जुन्या गाड्यांची रॅली आहे. यंदा नवा नियम आलाय. गॅरेजमधल्या गाड्यांनी गेल्या वर्षभरात किती कार्बन सोडला त्याचा किलोमध्ये अंदाज द्यायचा आणि तेवढी भरपाई करायची. नाहीतर एंट्री नाही. मिस्त्री म्हणाले, धूर किलोत? उद्या हॉर्न लिटरमध्ये मागतील. मालक म्हणाले, चेष्टा नको, हे कोण करणार ते बोला. बाई काहीतरी बोलायला तोंड उघडत होत्या, तेवढ्यात मी हात वर केला.

सातवीपर्यंत मी वर्गात एकदाही हात वर केला नव्हता. साठलेला होता.

मालक म्हणाले, जमलं तर रॅलीत आत्याबाईच्या पुढच्या सीटवर तू बसशील. पगाराचंही बघू. मी माळ्यावर उड्या मारत आलो. मिस्त्री म्हणाले, मलाही अकरा वर्षांपूर्वी 'बघू' म्हणाले होते, मी अजून बघतोय. जळतात.

दादाला फोन केला. म्हटलं, अर्धे नाही, पूर्ण पाठवतो. आणि आता मी कार्बन ऑफिसर आहे. तो म्हणाला, कार्बन म्हणजे तो निळा कागद ना, पावतीखाली घालायचा? घरच्यांना कसं सांगावं!

४ मार्च, मंगळवार

फॉर्म वाचला. पुढच्या बाजूला इतकं बारीक लिहिलंय की मागे काही उरलंच नसणार.

त्यात सरळ लबाडी सापडली. म्हणे एक लिटर पेट्रोल जाळलं की दोन किलो तीनशे ग्रॅम कार्बनचा वायू होतो. मी पार्ट्सच्या तराजूवर लिटरभर पेट्रोल तोलून पाहिलं. डबा वजा करून सातशे चाळीस ग्रॅम. पाऊण किलोसुद्धा नाही! पाऊण किलो मालातून सव्वादोन किलो धूर? इतकं पाणी तर दूधवालाही घालत नाही. मी शिकलेला नाही म्हणून काय वाट्टेल ते खपवतील?

बाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, जळताना हवा त्याला चिकटते, म्हणून वजन वाढतं, लोखंडाला गंज चढला की वाढतं ना, तसं. मी दोन मिनिटं विचार केला आणि म्हणालो, मग दीड किलो हवेच्या नावावर टाका, हवा काही मालकांची नाही. बाईंनी चष्मा परत लावला.

त्या आणखी काही सांगत होत्या, कुठल्यातरी फाइलबद्दल. मी म्हटलं, बाई, फाइलीतून धूर निघत नसतो. प्रत्यक्ष मोजायला पाहिजे.

हे वाक्य मला इतकं आवडलं की दुपारभर तेच म्हणत पॉलिश केलं.

५ मार्च, बुधवार

प्रयोग पहिला. गादीवर घालतात तसली मोठी प्लास्टिकची पिशवी आत्याबाईच्या सायलेन्सरला बांधली, इंजिन चालू केलं. धूर गोळा करायचा, तोंड बांधायचं, तोलायचा. सोपं.

पिशवी फुगली. मिस्त्री म्हणाले, आत्याला नातू झाला. मग पिशवी वितळली आणि क्रोमवर बसली. नवं क्रोम. मालकांनी गेल्या वर्षी करून आणलेलं.

तराजूवर काय ठेवणार? उरलेला तुकडा ठेवला. काटा हलला नाही.

नोंद : धुराला वजन नसावं असं दिसतं. अजून खात्री नाही.

सायंकाळी सातपर्यंत क्रोम घासलं. उद्याही घासायचंय. साखर तीन चमचे. मानसिक श्रम.

७ मार्च, शुक्रवार

पेट्रोलवरूनच अंदाज करायचं ठरवलं. म्हणजे किती किलोमीटरला किती लागतं ते काढायचं, की झालं. पण आत्याबाईचा किलोमीटरचा काटा मी जन्मायच्या आधीपासून एकाच आकड्यावर आहे, आणि पेट्रोलचा काटा मालकांना खूश करायला कायम 'फुल' दाखवतो. मिस्त्री टाकीत एक काठी घालतात. काठीवर खुणा आहेत. ओली कुठपर्यंत झाली ते बघायचं. तीच काठी घेतली.

पंपावर मालकांचं खातं आहे. पेट्रोल भरलं, चिठ्ठीवर सही केली. नाव लिहिण्याऐवजी 'का. ऑ.' लिहिलं. कार्बन ऑफिसर. पंपवाला म्हणाला, कोण हे काऑ? मी म्हटलं, आत्ता ज्यांच्याशी बोलताय ना, तेच.

निघण्याआधी काठी : सात खुणा. मिस्त्रींना चालवायला लावून सरळ रस्त्याने वीस किलोमीटर जाऊन आलो. गेटातल्या चढावर थांबताच उतरून मागे धावलो, टाकीत काठी घातली. आठ खुणा!

पुन्हा घातली. आठ.

आत्याबाई पेट्रोल पीत नाही. आत्याबाई पेट्रोल देते! फॉर्मवर कार्बनच्या रकान्यात मोठ्या अक्षरांत 'वजा' लिहिलं. मालकांकडे धावत निघालो होतो, तेवढ्यात मिस्त्री जमिनीवर बसलेले दिसले. मला वाटलं, छातीत दुखतंय. हसत होते. बोलता येईना म्हणून हातानेच दाखवलं, गाडीचं नाक वर, बूड खाली, टाकी मागे, पेट्रोल सगळं मागे येतं.

असो. मोठे शोध आधी चुकतातच.

८ मार्च, शनिवार

आता शास्त्रशुद्ध. सपाटीवर मोजायचं. सकाळी थंड इंजिनाने वीस किलोमीटर. दुपारी गरम इंजिनाने वीस. चढावर दहा. उतारावर दहा. चार किलोमीटरला एक लिटर. मग मिस्त्री गाडीत असताना आणि नसताना किती फरक पडतो ते बघावं म्हणून मीच चालवली. मिस्त्री नसताना एक मैलाचा दगड पडला. आकडा जुनाच होता त्यावरचा.

पंपावर आता मला लांबून सलाम करतात. चिठ्ठ्यांवर काऑ, काऑ, काऑ. सही वळणदार होत चालली आहे.

दादाला फोन. त्याने विचारलं, पक्कं ना? मी इंजिन खोलायला देतोय. मी म्हटलं, खोल! शिवाय रंगही लाव, सीटही नवी टाक. माझ्याकडून. तो म्हणाला, कोणाकडून? मी म्हटलं, माझ्याकडून. मग सीटचा रंग कुठला, ते विचारलं. जांभई नव्हती.

१० मार्च, सोमवार

भरपाईचं बघितलं. फॉर्ममध्ये तीन मार्ग आहेत. एक, झाडं लावा. दोन, धूर ओकणारं एखादं जुनं वाहन कायमचं मोडीत काढून त्याचा दाखला जोडा. तीन, पैसे भरा. तिसरा मार्ग मालकांनी स्वतःच्या पेनने खोडला. दुसरा ऐकून म्हणाले, माझ्या नऊमधली एकही नाही हं. मग हळूच गेले आणि आत्याबाईच्या बॉनेटवर हात ठेवून आले, लहान मुलाच्या कानावर ठेवतात तसा.

म्हणजे झाडं. सरकारी रोपवाटिकेत फुकट मिळतात. चाळीस रोपं आणली. पिकअपने दोन खेपा लागल्या, रोपवाटिका शहराच्या पार पलीकडच्या टोकाला. मिस्त्री म्हणाले, आणायचा धूर कोण मोजणार? मी म्हटलं, तो पिकअपचा, पिकअप व्हिंटेज नाही.

एक मोठं झाड वर्षाला वीस किलो कार्बन खातं म्हणे. चाळीस गुणिले वीस, आठशे किलो! बाई म्हणाल्या, मोठं झाड. हे वीतभर आहे. मी म्हटलं, बाई, मूल जन्मलं की आपण त्याला माणूसच धरतो ना.

गॅरेजमागे कुंपणाला लागून ओळीने लावली. माती काळीशार, चकचकीत. किती सुपीक!

१३ मार्च, गुरुवार

बाकी आठ गाड्याही मोजून झाल्या. दोन गाड्या जुळ्या आहेत. एकीवरून दुसरीचा अंदाज करता आला असता, पण मग ऑफिसर कशाला पाहिजे?

आज गाड्या उभ्या उभ्या किती पितात ते बघितलं. नऊच्या नऊ शेडमध्ये एकदम चालू, एक तास. काय आवाज! छातीत ढोल वाजल्यासारखं. मला सारखं हसू येत होतं, का ते माहीत नाही. शेडमधली सगळी कबुतरं बाहेर गेली. मग बाई बाहेर आल्या, तोंडावर रुमाल. मग शेजारच्या छापखान्यातले सगळे बाहेर आले. मग अग्निशमनवाले आत आले.

त्यांच्या गाडीला किती पेट्रोल लागलं ते विचारून घेतलं. डिझेल निघालं. फॉर्ममध्ये डिझेलचा रकाना नाही.

रोपं : एकतीस.

१६ मार्च, रविवार

रोपं : बारा. काय चुकतंय? दिवसातून तीनदा पाणी. कुंपणाकडे बघत मिस्त्री म्हणाले, तीस वर्षं आपण इंजिनांचं जळकं ऑइल तिथेच ओततो. मी म्हटलं, मग लावताना का नाही बोललात? ते म्हणाले, मला वाटलं, तू रोपांचं ऑइल बदलतोयस.

मला या माणसाबरोबर एका खोलीत झोपावं लागतं.

आईचा फोन. म्हणाली, दादाने स्कूटर खरंच खोलायला दिली. अण्णा रोज मेकॅनिककडे जाऊन स्टुलावर बसतात, घरी जेवायला बोलवावं लागतं. आणि तू नीट जेवतोस ना? मी म्हटलं, फार मोठ्या कामात आहे. ती म्हणाली, म्हणजे जेवत नाहीस.

१८ मार्च, मंगळवार

रॅलीसाठी टोपी घेतली. पुढे चकाकती पट्टी असलेली, जुने ड्रायव्हर घालायचे तसली. पुढच्या सीटवर बोडक्याने बसणार की काय? उधारीवर घेतली. पगार वाढला की देणार.

आरशात बघून हात हलवायची प्रॅक्टिस केली. डावा हात. उजव्यावर डाग आहे.

२१ मार्च, शुक्रवार

रोपं : एक. हे एकटं कुंपणाशी नव्हतंच. जागा संपली म्हणून मी ते एका गंजक्या ऑइलच्या डब्यात लावलं होतं. वर दोन पानं, तीही एकमेकांशी न बोलणारी.

वीस किलो भरपाई. तीही आणखी दहा वर्षांनी.

फॉर्म द्यायला अजून चार दिवस आहेत. घाबरण्यासारखं काही नाही.

२४ मार्च, सोमवार. सकाळी.

उद्या फॉर्म द्यायचा. सकाळपासून बेरीज करतोय. चारदा केली, चार उत्तरं. त्यातलं सगळ्यात लहान घेतलं, सहाशे ऐंशी किलो. समोर भरपाई : एक रोप.

आत्याबाईला एंट्री नाही म्हणजे सीट नाही, सीट नाही म्हणजे पगार नाही, पगार नाही म्हणजे स्कूटर नाही.

मग दुसऱ्या मार्गाकडे नजर गेली. जुनं, धूर ओकणारं वाहन. मोडीत. दाखला. अशा स्कूटरचे गुण फॉर्ममध्ये इतके दिलेत की नऊच्या नऊ गाड्यांचा धूर त्यात बुडतो.

विचार करून बघितला. ती तशीही सहा महिने चालत नाही. म्हणजे गेल्यातच जमा. आणि या रस्त्याने मला पगारवाढ मिळाली तर मी दुरुस्तीचे पूर्ण पैसे पाठवू शकतो.

इथे काहीतरी जुळत नाहीये, पण वेळ नाही. पेनने लिहिलं : स्कूटर, एक, दोन स्ट्रोक, मालक अण्णा.

२४ मार्च. दुपारी.

दादाला फोन केला. म्हटलं, तुझंच खरं. भंगारात दे, आजच, पण दाखला आण.

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग हसणं थांबलं. म्हणाला, मी सहा महिने हेच सांगत होतो तेव्हा तू मला कसाई म्हणालास. आता तिचं इंजिन मेकॅनिकच्या परातीत सुटं पडलंय, नटबोल्ट अण्णांनी घासून ओळीने मांडलेत, आणि तू मला भंगार शिकवतोस? तुझ्या शब्दावर खोललं मी, राजे.

मी त्याला कार्बनचं सगळं समजावून सांगू लागलो. मध्येच फोन अण्णांनी घेतला. अण्णा फोनवर 'बरं' सोडून काही बोलत नाहीत. आज बोलले. आधी विचारलं, जेवलास का. मग म्हणाले, तुझ्या मालकाला म्हणावं, नऊ आहेत तुझ्याकडे, त्यातली एक घाल भंगारात, माझ्याकडे एकच आहे. मग म्हणाले, हात बरा आहे ना?

हाताला काय झालंय? काहीच नाही. मी 'बरं' म्हटलं.

२५ मार्च, मंगळवार

पेनने लिहिलेलं रबराने जात नाही. थुंकी लावून बघितली. शेवटी पेनानेच गिरवून गिरवून काळं केलं. मनासारखं काळं व्हायला बराच वेळ लागला.

फॉर्म दिला. पाचला उठलो होतो. निश्चय पाळला म्हणून नाही, झोपच नव्हती. मिस्त्री घोरत नव्हते. न घोरता झोपतात तेव्हा ते म्हातारे दिसतात.

२६ मार्च, बुधवार

तपासणीवाला आला. माझ्याच वयाचा, सायकलवर. एवढा मोठा नियम आणि सायकलवर!

तो सरळ बाईंच्या टेबलाशी गेला आणि पेट्रोलच्या बिलांची फाइल मागितली. बाईंनी दिली. त्याने बिलं बेरजेला घेतली, दोन पूर्णांक तीनने गुणलं. चहा गार व्हायच्या आत वर्षाचा हिशेब तयार. हीच ती फाइल. बाई म्हणाल्या, मी पहिल्या दिवशी हेच सांगायला तोंड उघडलं होतं.

तो म्हणाला, विचित्रच आहे. तुमच्या नऊ गाड्या मिळून अकरा महिन्यांत एकशे अठरा लिटर प्यायल्या. म्हणजे फारच कमी, जेमतेम पावणेतीनशे किलो, चार झाडं आणि थोडे पैसे भरले असते की सुटला असतात. पण या तीन आठवड्यांतच दोनशे चार लिटर? या महिन्यात काय झालं इथे?

मिस्त्री वर पत्र्याकडे बघत होते. मालकांनी चिठ्ठ्या हातात घेतल्या, एकेक उलटली आणि विचारलं, हा काऑ कोण?

पुढचं लिहीत नाही.

तपासणीवाल्याने माझ्या फॉर्मवरच्या काळ्या डागावर बोट ठेवून विचारलं, इथे काय होतं? मी म्हटलं, स्कूटर. राहिली. त्याने मान डोलावली, समजल्यासारखी. मग फॉर्म उलटा केला. मागच्या बाजूला आणखी एक वर्ग होता. इंजिन बंद ठेवून मैदानात आणलेली गाडी. तिला हिशेब नाही, भरपाई नाही, काही नाही.

मालक म्हणाले, इंजिन बंद ठेवून गाडी येईल कशी? आणि मग हळूहळू सगळे माझ्याकडे वळले.

३० मार्च, रविवार

रॅली! काय सांगू! अजून पोटऱ्या थरथरताहेत, अक्षर वाकडं येतंय.

गॅरेज ते मैदान अडीच किलोमीटर, मध्ये एक चढ. मालक स्टिअरिंगवर, त्यांच्या शेजारची पुढची सीट रिकामी. मी मागे. टोपी घालून. मिस्त्री म्हणाले होते, माझी कंबर गेली आहे, येणार नाही. गेटाबाहेर पडलो तर दुसऱ्या मडगार्डला खांदा लावून उभे. मी बघितलं तर म्हणाले, माझ्याकडे बघू नकोस, मी हवा खायला निघालोय.

आत्याबाई एकदा हलली की छान जाते. लोक गॅलरीत आले. कोणीतरी ओरडलं, इंजिन किती माणसांचं? मिस्त्री ओरडले, दीड! चढावर तर छापखान्यातले चारजण धावत आले आणि लागले ढकलायला. त्या दिवशीच्या धुराबद्दल शिव्याही देत होते आणि ढकलतही होते. सगळा रस्ता हसत होता. मीही. टोपी डोळ्यांवर आली होती, पुढचं काही दिसत नव्हतं. समोर नुसतं क्रोम, त्यात माझं तोंड, हे एवढं पसरलेलं. तीनशे किलोमीटर आत्याबाईत बसून फिरलो, पण ती एवढी मजेची आहे हे ढकलताना कळलं.

आणि बक्षीस! 'सर्वात कमी धूर'. शून्य. मालकांना कप मिळाला. भाषणात मालक पर्यावरणाबद्दल बोलले. काऑबद्दल नाही. ठीक आहे, घाईत राहिलं असेल. फोटोच्या वेळी म्हणाले, ते डब्यातलं रोप बॉनेटपाशी धर. मी धरलं. फोटोत मालक आहेत, कप आहे, आत्याबाई आहे आणि कडेला रोपाचा डबा धरलेला एक हात. बाकीचा मी कापला गेलो.

तोच फोटो घरी पाठवला. खाली लिहिलं, आमची गाडी पहिली.

३१ मार्च, सोमवार

पगार. बाईंनी कागद पुढे सरकवला. मालकांनी पेट्रोल पूर्ण नाही, अर्धंच कापायला सांगितलंय, तेही दोन हप्त्यांत. क्रोमचं काही नाही. बाई म्हणाल्या, अर्ध्यावर आणायला मला सकाळचा चहा सोडावा लागला, तेव्हा तोंड पाडू नकोस. सीटचं 'बघू', पगाराचं 'बघू'. टोपी परत केली. घामाची झाली म्हणून दुकानदाराने तिचेही पैसे घेतलेच.

खाणावळीचे देऊन हातात राहिले दोन हजार तीनशे. मोजून बघितले. मग उलट्या बाजूनेही मोजले.

अख्ख्या स्कूटरचं मी कबूल केलं होतं. रंगासकट. सीटसकट.

फोन करायचा नव्हता. दादाचाच आला. आता तो बोलणार आणि मी ऐकणार, म्हणून टायरवर बसून घेतलं. तो म्हणाला, फोटो बघितला. वहिनी विचारत होती, यात भावजी कुठेत? आईलाही दिसेना. अण्णांनी चष्मा वर केला, फोटो डोळ्याजवळ नेला, आणि त्या हातावर बोट ठेवून म्हणाले, हा काय आपला. सायलेन्सरचा डाग बघून म्हणाले.

मग मी सांगून टाकलं. अर्धे नाही, पूर्ण नाही, रंग नाही, सीट नाही. बोललो ते सगळं तोंडातून धूर निघावा तसं होतं.

तो म्हणाला, माहीत आहे. सिलिंडरच्या बोअरचे मी दिलेत, पिस्टनचे दिलेत. फक्त पिस्टनवरच्या रिंगा तुझ्यासाठी ठेवल्यात. तुझं अर्धं म्हणजे किती ते मला ठाऊक आहे, म्हटलं नव्हतं का? रिंगांची किंमत सांगितली, माझ्या हातातल्यापेक्षा कमीच, आणि फोन ठेवला.

एक चमचा साखरेचा निश्चय आज पाळला. साखर संपली आहे.

रोपाला पाणी घातलं. तिसरं पान येतंय.

दीडशे ठेवून घेतले. पाठवतोय : दोन हजार एकशे पन्नास.